एकदा नाव घातलं की सुटलो?

लेकीला सप्टेंबरात इथे इंग्लंडात खासगी शाळेत घातल्यापासून ओळखीच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. चार वर्षांच्या पोरीला एवढी फी? असं काय शिकवतात तिथे? खरं सांगायचं तर वेगळं काहीच शिकवत नाहीत. रिसेप्शनमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्षात, फोनिक्स (अक्षरांचे उच्चार), वाळू, पाणी, अंगणात चिखलाचं लुटुपुटुचं स्वयंपाकघर आणि 'माझ्या घरात कोण कोण आहे' एवढंच असतं. आमच्या रस्त्याच्या टोकाला जी सरकारी प्राथमिक शाळा आहे तिथेही हे सगळं तितकंच छान चालतं, तेही फुकट. तिथे रिसेप्शन, इयर वन आणि इयर टूच्या वर्गात तीसच्या वर मुलं घ्यायची नाहीत असा कायदाच आहे. म्हणजे रिसेप्शनपुरतं बघितलं तर आमच्यासारखे मूर्ख आम्हीच.

आम्ही पैसे मोजतोय ते सात वर्षांनंतर येणाऱ्या एका खिंडीसाठी.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ही खिंड पटकन समजत नाही, कारण आपल्याकडे ती बहुतेकांना लागतच नाही. मी कोल्हापुरात शिशुवर्गात ज्या फाटकातून आत गेले त्याच फाटकातून दहावीची गुणपत्रिका घेऊन बाहेर आले. मधल्या काळात घरात शाळा या विषयावर चर्चा झाली ती फक्त गणवेशाच्या लांबीवरून. आजोबांचं म्हणणं असायचं, एकदा नाव घातलं की सुटलो. इंग्लंडात सरकारी व्यवस्थेत प्राथमिक शाळा अकराव्या वर्षी संपते आणि इयर सेव्हनला दुसऱ्या शाळेत जावं लागतं. त्यासाठी आदल्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, अर्ज भरायचा आणि १ मार्चला कुठली शाळा मिळाली ते कळणार. जागा बहुधा जवळ राहणाऱ्यांना आधी मिळते, म्हणून चांगली सेकंडरी (अकरानंतरची शाळा) असेल तिथे घरांच्या किमती फुगलेल्या. आमचं घर ज्या रस्त्यावर आहे तो रस्ता त्या फुग्याच्या जेमतेम बाहेर पडतो.

मग ग्रामर स्कूल, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी शाळा. १९४४च्या कायद्यानंतर देशभर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची विभागणी सुरू झाली. साठ-सत्तरच्या दशकांत बहुतेक भागांत ती बंद पडली, पण इंग्लंडमध्ये अजून १६३ ग्रामर शाळा उरल्या आहेत. आमच्या हॅरोमध्ये, लंडनच्या वायव्येला, एकही नाही. बार्नेट, स्लाऊ, बकिंगहॅमशर असं चहूबाजूंनी आहेत, आणि आपली मंडळी इयर फोरपासून पोरांना व्हर्बल रीझनिंगच्या (शब्द आणि तर्काच्या कोड्यांच्या) पेपरांचे गठ्ठे देऊन तयारीला बसवतात. माझ्या ऑफिसातल्या एकीचा मुलगा दोन वर्षं शनिवार-रविवार ट्यूटरकडे जात होता. त्याला मिळाली जागा, हुशार पोरगा आहे. पण नऊ ते अकरा या वयात त्याने काय केलं असं विचारलं तर त्याला पेपरांशिवाय दुसरं काही सांगता येणार नाही. ते मला नको होतं. बस्स, एवढाच आमचा हिशोब होता.

म्हणून ऑल-थ्रू. तीन-चार वर्षांपासून अठरापर्यंत एकच खासगी शाळा: नर्सरी, प्रेप (अकरापर्यंत), सिनियर (अकरानंतर), सिक्स्थ फॉर्म (शेवटची दोन वर्षं). राहायचं घरी, रोज जाऊन-येऊन. आमच्या बाजूला अशा शाळांची रांगच आहे. एजवेअरची नॉर्थ लंडन कॉलेजिएट ही १८५० सालची मुलींची शाळा, एल्स्ट्रीच्या हॅबरडॅशर्स, नॉर्थवूडची सेंट हेलन्स. मुलींच्या शाळा चालवणारा गर्ल्स डे स्कूल ट्रस्ट १८७२चा. या शाळा म्हणजे कायम श्रीमंतांचीच मिरास होती अशी समजूत असते. पण यांतल्या बऱ्याच शाळा एकेकाळी 'डायरेक्ट ग्रँट' होत्या. त्यांच्या काही जागांचे पैसे सरकार किंवा कौन्सिल भरायचं आणि गिरणी कामगाराची मुलगीही तिथे शिकायची. १९७५ साली सरकारने ते अनुदान बंद करायचं ठरवलं आणि म्हटलं, पूर्ण सरकारी व्हा नाहीतर स्वतःचं स्वतः बघा. बहुतेकांनी दुसरा रस्ता धरला. आज त्यांचं जे फीपत्रक हातात पडतं त्याची मुळं तिथे आहेत. बर्सरी, म्हणजे फीतली सवलत, अजून असतात, घरचं उत्पन्न बघून देतात, पण त्या बहुधा अकराव्या किंवा सोळाव्या वर्षापासून. रिसेप्शनला बर्सरी विचारली की समोरची बाई गोड हसते.

आता प्रवेशाचं. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने शाळाप्रवेशासाठी मुलांची चाचणी घ्यायला बंदी आहे (पाळतात किती ते सोडा). इथे खासगी शाळा साडेतीन वर्षांच्या मुलांचं असेसमेंट घेतात आणि ते अगदी उघडपणे, वेबसाइटवर तारीख टाकून. आमची लेक जुलैची. ३१ ऑगस्टला चार पूर्ण होणाऱ्यांचा वर्ग, म्हणजे ती वर्गात जवळजवळ सगळ्यांत लहान. सप्टेंबरात जन्मलेली पोरं तिच्यापुढे दहा महिन्यांनी मोठी, आणि त्या वयात दहा महिने म्हणजे काय ते आयांना सांगायला नको. तेव्हा पहिला प्रश्न मी प्रत्येक शाळेला हाच विचारायचे: उन्हाळ्यात जन्मलेल्यांना वेगळं बघता का? काही शाळा त्यांना वेगळ्या गटात बसवतात, वयाप्रमाणे गुण लावतात. एकीने उत्तर दिलं, 'आम्ही प्रत्येक मूल एक व्यक्ती म्हणून पाहतो.' म्हणजे नाही.

जानेवारीतल्या एका असेसमेंटला सात-आठ पोरांचा घोळका आत नेला आणि आम्हा आईबापांना कॉफी-बिस्किटं देऊन हॉलमध्ये बसवलं. कुणी कुणाशी बोलेना. एक बाबा फोनवर ईमेल बघतोय असं दाखवत होता आणि स्क्रीन काळी होती. पाऊण तासाने पोरं आली. लेकीच्या हातात मणी ओवलेला दोरा. काय केलंस विचारलं तर म्हणाली, 'टीचरला हत्तीची सोंड माहीतच नव्हती, मी सांगितली.' म्हणजे चित्र दाखवून विचारलं असणार आणि बाईसाहेबांनी मराठीत उत्तर दिलं असणार. त्या शाळेने वेटिंग लिस्टवर टाकलं. सोंडेमुळेच असं मी म्हणत नाही, पण आमच्या घरात त्या शाळेचं नाव आता 'सोंडवाली' असं पडलंय.

शाळा दाखवायला पालकांना बोलावतात त्या ओपन मॉर्निंगला सगळ्यांत जास्त गर्दी रिसेप्शनच्या वर्गात होते. आयाबाया छोट्या खुर्च्यांचे फोटो काढतात, भिंतीवरची फुलपाखरं बघून विरघळतात. मला तिथे पाच मिनिटं पुरायची. चार वर्षांच्या मुलांचा वर्ग वाईट दिसेल अशी खासगी शाळा अजून मी पाहिलेली नाही. आपण पोरीला जिथे सोपवणार तो खरा पल्ला तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या वर्गात आहे, आणि तिकडे कुणी फिरकत नाही. मी नवऱ्याला हेडच्या भाषणाला बसवायचे आणि स्वतः सिनियरच्या इमारतीत शिरायचे. फिरवून दाखवायला इयर एट, इयर नाइनच्या मुली असतात. त्यांना बरंच शिकवून पाठवलेलं असतं, पण तेरा वर्षांची मुलगी दहा मिनिटांवर पढवलेलं बोलू शकत नाही. एका मुलीला विचारलं, तू प्रेपमधूनच वर आलीस का? हो म्हणाली. मग इयर सेव्हनला बाहेरून नव्या मुली आल्या तेव्हा काय झालं? ती जरा थांबली. म्हणाली, 'पहिली टर्म आम्ही जुन्या एकाच टेबलावर जेवायचो. मग ड्रामामध्ये मिसळलो.' नंतर दबक्या आवाजात, 'नव्या मुली मॅथ्समध्ये खूप पुढे होत्या, कारण त्या परीक्षा देऊन आल्या होत्या.'

ऑल-थ्रू शाळेची मेख तिने तिथे नेमकी सांगितली. प्रेपमध्ये दोन तुकड्या असतात आणि अकराव्या वर्षी चार होतात. नव्या दोन तुकड्यांतली मुलं कडक परीक्षेतून निवडलेली. जुन्यांना परीक्षा नाही म्हणून आपण इथे येतो, आणि मग शाळेला वाटायला लागतं की जुन्यांनी नव्यांच्या बरोबरीने चालावं. म्हणजे खिंड अजिबात नाही असं नाही. ती भिंतीच्या आत आहे, एवढाच फरक.

माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाला तशाच एका शाळेने इयर फाइव्हच्या वसंतात बोलावून घेतलं आणि सांगितलं की आमच्या सिनियरचा वेग त्याला झेपेल असं वाटत नाही, तुम्ही दुसरीकडे बघावं. सात वर्षं फी भरल्यावर. बाकीच्या शाळांच्या परीक्षेला उरले होते आठ-नऊ महिने. त्यांनी ज्यासाठी ती शाळा घेतली होती नेमकं तेच त्यांच्या गळ्यात पडलं, तेही उशिरा. शाळेने नियम मोडला नव्हता. सही केलेल्या करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की वरच्या विभागातला प्रवेश 'शाळेच्या मताप्रमाणे योग्य असल्यास'.

तेव्हापासून मी प्रॉस्पेक्टस वाचणं सोडलं आणि करार मागायला लागले. पॅरेंट कॉन्ट्रॅक्ट फॉर्म भरायच्या आधी मागितला तर बहुतेक शाळा देतात, जरा नवल करतात इतकंच. त्यात बघायचं ते हे: प्रेपमधून सिनियरला जाणं आपोआप आहे की अटीवर, अट असेल तर ती कधी सांगणार, आणि काढून घ्यायचं झालं तर किती आधी कळवायचं. बहुधा एक पूर्ण टर्म आधी लेखी कळवावं लागतं, नाहीतर त्या टर्मची फी द्या. रजिस्ट्रारला मी सरळ विचारायचे, गेल्या तीन वर्षांत इयर सिक्समधून किती जणी तुमच्याच सिनियरला गेल्या नाहीत, आणि त्यांतल्या किती तुम्ही सुचवल्यामुळे? आम्ही शेवटी निवडलेल्या शाळेच्या बाईंनी वही उघडून आकडे दिले. त्यांतले दोन तुम्हाला आवडणार नाहीत असंही म्हणाल्या. शिवाय असा इशारा द्यायचा तर इयर फोर संपायच्या आत देऊ, हे त्यांच्या करारातच होतं. दुसऱ्या एका ठिकाणी 'प्रत्येक मुलीला तिची योग्य जागा सापडते' हे ऐकायला मिळालं.

इन्स्पेक्शनचा रिपोर्ट वाचाच, पण त्यावर फार विसंबू नका. यांतल्या बहुतेक शाळा ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेकडे नसतात, आयएसआय नावाची वेगळी संस्था तपासते. सप्टेंबर २०२३पासून त्यांनी 'एक्सलंट', 'गुड' असे शेरे देणं बंद केलं. आता मानकं पाळली की नाहीत एवढंच सांगतात, बाकी मजकुरातून आपण ताडायचं.

त्यापेक्षा मला उपयोग झाला तो ताळेबंदांचा. मी दिवसभर एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) फायनान्स खात्यात बसते, माझा जीव आकड्यांत. इथल्या बऱ्याच खासगी शाळा कायद्याने चॅरिटी (धर्मादाय संस्था) आहेत, म्हणजे त्यांचे वार्षिक हिशोब चॅरिटी कमिशनच्या साइटवर कुणालाही फुकट वाचता येतात. कंपनीच्या मालकीची शाळा असेल तर कंपनीज हाउस या कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत. नवरा क्रिकेट बघत असताना मी पाच-पाच वर्षांचे ताळेबंद काढून बसले. मुलांची संख्या वाढतेय की घटतेय? खालच्या वर्गांत घटत असेल तर ते आधी बघा, कारण आज रिसेप्शन अर्धं रिकामं म्हणजे सात वर्षांनी इयर सेव्हन रिकामं. गंगाजळी किती? नवा स्पोर्ट्स हॉल कर्ज काढून बांधलाय का? एका देखण्या शाळेचं कर्ज बघून माझ्या पोटात गोळा आला. चौदा वर्षांसाठी नाव घालायचं तर शाळा चौदा वर्षं उभी राहायला हवी ना. हा प्रश्न पूर्वी कुणी विचारत नसे. आता विचारावा लागतो, काही लहान शाळांनी गेल्या एक-दोन वर्षांत कुलूप लावलंय किंवा मोठ्या शाळेत विलीन झाल्यात.

कारणं एकावर एक आली. १ जानेवारी २०२५पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट. चॅरिटी शाळांना स्थानिक करात जी ८० टक्के सूट होती ती इंग्लंडमध्ये त्याच वर्षी एप्रिलपासून गेली. मालकाने पगारांवर भरायचा नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याचा हप्ता) त्याच महिन्यात १३.८वरून १५ टक्क्यांवर. शिक्षकांच्या पेन्शन योजनेतला शाळेचा वाटा त्याआधीच, एप्रिल २०२४मध्ये, पगाराच्या २८ टक्क्यांच्या पुढे गेलेला. कित्येक शाळा त्या योजनेतून बाहेर पडल्या. हेही विचारायचं असतं, कारण पेन्शन गेली की चांगले शिक्षक सरकारी शाळेत परत जातात. मला विचाराल तर व्हॅट लावणं चूक होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. माझाच पगार सरकारी पैशातून येतो. पण बिल भरताना जीव कळवळतो तो कळवळतोच.

आमचा तक्ता असा. रिसेप्शनची फी वर्षाला १५ हजार पौंड, त्यावर व्हॅट ३ हजार, झाले १८ हजार. दरवर्षी पाच टक्के वाढ धरली तर रिसेप्शन ते इयर थर्टीन या चौदा वर्षांचे मिळून साडेतीन लाख पौंडांच्या वर जातात. यात जेवण नाही, बस नाही, सहली नाहीत, आणि सिनियरला फी एकदम वरची पायरी चढते तीही नाही. आईला मी हा आकडा व्हिडिओ कॉलवर पौंडांतच सांगितला. तिने मनातल्या मनात गुणाकार केला, चष्मा काढला आणि म्हणाली, 'त्यापेक्षा इकडे या, मी सांभाळते तिला.' सासूबाई जास्त व्यवहारी. त्यांनी विचारलं, 'दुसरं मूल झालं तर?' दुसरं असतं तर आम्ही या भानगडीत पडलोच नसतो, हेच खरं उत्तर आहे. चांगल्या सेकंडरीच्या कॅचमेंटमध्ये (तिच्या जवळच्या पट्ट्यात) लहानसा फ्लॅट घेऊन मोकळे झालो असतो.

बसचं मात्र अवश्य बघा. सगळ्या शाळा नकाशावर सुंदर रंगीत मार्ग दाखवतात. नवरा नोव्हेंबरात सकाळी त्या बसच्या मागोमाग गाडी घेऊन गेला. नकाशावरची पस्तीस मिनिटं पावसात तासाच्या पुढे गेली, आणि एक नावाजलेली शाळा आमच्या यादीतून तिथेच गळली. चार वर्षांच्या मुलीला बसमध्ये घेतच नाहीत, तोवर आपणच सोडायचं. पण मी हिशोब करत होते तो अकराव्या वर्षाचा, जेव्हा ती सातला घर सोडेल आणि हॉकी संपवून सहाला येईल. शनिवारचं आणखी एक. काही शाळांत सिनियरला शनिवारी सकाळी मॅच असतात आणि संघात असाल तर हजर राहावंच लागतं. आमचा मराठीचा वर्ग शनिवारी सकाळी. त्यावरून आमच्यात खडाजंगी झाली. नवरा म्हणाला, सात वर्षांनी पोरगी मराठीच्या वर्गाला येईल की नाही हे तिला विचारून बघ. मी म्हटलं, म्हणूनच तर शाळेने परस्पर ठरवायला नको. निवडलेल्या शाळेत मॅच बुधवारी दुपारी असतात. निर्णयात या गोष्टीचा वाटा किती ते मी सांगणार नाही.

सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट म्हणजे तारखा. सरकारी प्राथमिक शाळेचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत भरायचा आणि निकाल १६ एप्रिलला. खासगी शाळांचं पत्र फेब्रुवारीत येतं आणि दोन-तीन आठवड्यांत डिपॉझिट भरा म्हणतात. आमचं दोन हजार पौंड, न गेल्यास परत नाही. म्हणजे हातातली दुसरी बाजू कळायच्या आधीच पैसे गुंतवायचे. दोन्ही अर्ज भरा, त्यात काही गैर नाही, कौन्सिलला तुमच्या खासगी अर्जाशी घेणंदेणं नसतं. १६ एप्रिलला आम्हाला रस्त्याच्या टोकाची शाळाच मिळाली, पहिल्या पसंतीची. त्या रात्री आम्ही दोघं पुन्हा तक्ता उघडून बसलो. तीन वर्षं तिथे घालून इयर थ्रीला खासगीत नेलं तर आमच्या हिशोबाने जवळपास सत्तावन्न हजार पौंड वाचत होते. पण त्यासाठी साडेसहाव्या वर्षी सेव्हन प्लसची परीक्षा आली. त्याच त्या गठ्ठ्यांची धाकटी बहीण. दोन दिवस घुटमळलो आणि कौन्सिलची जागा सोडून दिली. ती दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला मिळाली असेल, वेटिंग लिस्ट मोठी होती.

युनिफॉर्म नवीन घेऊ नका. टर्म संपताना पालकसंघ जुने कपडे विकतो. ब्लेझर आम्हाला बारा पौंडांना मिळाला, कॉलरच्या आत आधीच्या मुलीच्या नावाची पट्टी तशीच शिवलेली.

पुढच्या वर्षीच्या फीचं पत्र उन्हाळ्याच्या टर्ममध्ये येतं. वाढ पाच टक्क्यांच्या आत असेल तर तक्ता जसाच्या तसा राहील. आठ टक्क्यांपर्यंत तग धरू असं नवऱ्याचं म्हणणं आहे. माझ्या मते सहा, आणि त्यापुढे गेली तर प्रेप संपेपर्यंत थांबून सेकंडरीचा अर्ज भरायचा. यावर अजून एकमत नाही.